नुसता वाराच ना?

मोठं आतडं काढून टाकलेल्या बाईला सगळे जण एकच प्रश्न विचारतात. "मग आता किती वेळा जावं लागतं?"

नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात. एकदा तर हळदीकुंकवाला प्रथमच भेटलेल्या एका बाईंनी वाण हातात ठेवता ठेवता विचारलं. मला राग येत नाही. आपल्याकडे सकाळी पोट साफ झालं की नाही ही घराची जाहीर बाब असते. आमचे मामंजी हयात असताना चहाचा कप खाली ठेवून "आज समाधान नाही" असं निवेदन करत आणि त्यानंतर घरात बराच वेळ कुणी मोठ्याने बोलत नसे. अशा घरात निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला प्रश्नाची लाज कसली? पण तो प्रश्नच चुकीचा आहे.

उत्तर सोपं आहे. माझ्यासारख्या पाउचवाल्या मंडळींना दिवसाला साधारण पाच ते आठ वेळा जावं लागतं, त्यात एखादी फेरी रात्रीची. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. "अगंबाई, आठ वेळा!" त्यांच्या डोळ्यांसमोर आठ वेळा धावत सुटलेली मी येते. पण मी धावत नाही, चालत जाते. वाटेत गॅस बारीक करते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, दाराशी आलेल्या इस्त्रीवाल्याला कपडे देते आणि मग जाते. हे सुख किती मोठं आहे ते ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस झालाय त्यालाच कळेल. विचारायचं असेल तर विचारा, "किती वेळ थांबता येतं?"

माझा तो आजार जोरात असताना थांबणं हा प्रकारच नव्हता. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. आणि ही सूज सुरू होते ती गुदाशयापासूनच. म्हणजे माल साठवायचं जे कोठार, तेच आधी निकामी. कळ येते तीच मुळी शेवटची सूचना म्हणून. मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जात होते, आणि मुंबईच्या लोकलला संडास नसतो. तासाभराच्या प्रवासात मला कोणत्या स्टेशनवर कुठल्या पुलाखाली सोय आहे, तिथे कडी लागते का आणि सुट्टे पैसे मागतात का, याची इत्थंभूत माहिती झाली होती. लेडीज डब्यात बायका चौथ्या सीटसाठी भांडत असताना मी दाराजवळच्या जागेसाठी भांडत असे. बायकांना वाटे, हिला हवा लागते.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २०२० साली पद सोडताना त्यांनी आजार उलटल्याचं सांगितलं, तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी जपानच्या अर्थकारणावर बोलत होती. मी मात्र मनात म्हटलं, बिचाऱ्याला किती बैठकांमधून उठता आलं नसेल!

औषधं थकली तेव्हा सर्जननी आतडं काढायचं ठरवलं. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. मोठं आतडं आणि गुदाशय काढायचा, लहान आतड्याचा शेवटचा हातभर तुकडा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दुमडायचा, त्याची पिशवी, म्हणजे पाउच, शिवायची आणि ती खाली मूळच्याच दाराला जोडायची. "पण मग बाहेर कुठून?" असं घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं. जिथून तुमचं, तिथूनच. त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

या खटाटोपाचं श्रेय लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांचं. १९७८मध्ये त्यांनी आतड्याची अशी पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडल्याचं जाहीर केलं. त्यांची पिशवी 'एस'च्या आकाराची होती आणि ती रिकामी करायला अनेकांना नळी घालावी लागे. १९८०मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी सुटसुटीत 'जे' आणला आणि तोच जगभर रूढ झाला. सेंट मार्क्स म्हणजे शरीराच्या याच टोकाला वाहिलेलं रुग्णालय. ते १८३५मध्ये स्थापन करणाऱ्या फ्रेडरिक सामन यांनी १८४१मध्ये खुद्द चार्ल्स डिकन्सच्या भगेंद्रावर शस्त्रक्रिया केली होती. ईथरची भूल यायला अजून पाच वर्षं होती. डिकन्सच्या कादंबऱ्यांत एवढी वेदना कुठून आली, यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी या बाजूनेही जरूर विचार करावा.

मधले काही महिने पोटावर स्टोमा होता, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर उघडलेलं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. त्याबद्दल फार सांगत नाही. एवढंच, की त्याला कळही नसते आणि कडीही नसते. तो त्याच्या मर्जीचा मालक. एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता सुरू झाली आणि माझ्या स्टोमाने भाषण केलं. सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचे खांदे हलत होते. ते रडत होते असंच मी धरून चालते.

मग स्टोमा बंद झाला, पाउच सुरू झालं, आणि मला प्रथमच कळलं की नियंत्रण ही दुय्यम गोष्ट आहे. आधी बातमी लागते.

त्याचं असं आहे. त्या दाराशी स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं आपल्या हुकमातलं. आवळा म्हटलं की आवळतं. आतलं आपल्याला काही विचारत नाही. ते चोवीस तास, झोपेतसुद्धा, आपणहून आवळलेलं असतं आणि दार बंद ठेवण्याचा बहुतेक भार तेच वाहतं. निरोगी माणसाच्या गुदाशयात काही येऊन ठेपलं की हे आतलं कडं क्षणभर सैल पडतं. आलेल्या मालाचा चिमूटभर नमुना खालच्या अस्तरापर्यंत उतरतो. ते अस्तर भलतंच संवेदनशील. ते ठरवतं, घन आहे, पातळ आहे, की नुसता वारा आहे. मग बाहेरच्या कड्याला हुकूम सुटतो. हे सगळं तासातून अनेकदा चालतं आणि आपल्याला पत्ता नसतो. तुम्ही हे वाचताय, आत्ताही तुमचं चालूच असेल.

आमच्या सोसायटीचे जुने वॉचमन काका गेटवर कोण आलंय ते पावलांच्या आवाजावरून ओळखत. ते कायमचे गावी गेले आणि एजन्सीने नवा मुलगा पाठवला. कुरियरवाला, पाहुणा आणि चोर हे तिघेही त्याला सारखेच. तो इंटरकॉमवर एकच वाक्य बोलतो, "मॅडम, कोणीतरी आलंय." ऑपरेशननंतर माझ्या दारावर हा मुलगा ड्यूटीला आहे.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गुदाशयच गेलेला. जोडणी करताना खालून यंत्र घालावं लागतं, त्यात आतलं कडं ताणलं जातं आणि पूर्वपदावर यायला कित्येक महिने घेतं. सर्जननी जुन्या अस्तराची एक-दोन सेंटीमीटरची पट्टी मुद्दाम राखली, तेवढीच जुनी ओळखपाळख. (त्या पट्टीत आजारही थोडा राहू शकतो, म्हणून अधूनमधून दुर्बिणीने तिची चौकशी होते.) त्यात येणारा मालही पूर्वीचा नाही. लहान आतडं रोज सुमारे दीड लिटर पातळ मजकूर पुढे धाडतं आणि मोठं आतडं त्यातलं शे-दीडशे मिलिलिटर वगळून बाकीचं शोषून घेतं. आता शोषणारं कोणी नाही. दाराशी येतं ते सगळं पातळच. मग वारा आणि पातळ यांतला फरक ओळखायचा कुणी आणि कसा?

निदान 'भरलं' एवढं तरी कळेल का, अशी मला धास्ती होती. कळतं. आश्चर्य म्हणजे हेही पार्क्सच्याच काळात लक्षात आलं. गुदाशय काढलेल्या माणसांनाही भरल्याची जाणीव होत होती. म्हणजे ती खबर देणारं काहीतरी आसपासच्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंमध्ये असणार. खबर येते, पण जुन्या पत्त्यावरून नाही. माझी नवी कळ ओटीपोटात बेंबीच्या बरीच खाली, जडपणा होऊन येते. सुरुवातीचे काही महिने भूक, गॅस, कळ आणि पाळीचं दुखणं या चौघींमध्ये मला फरक करता येईना. पोटात गुरगुरलं की मी जेवू की जाऊ अशा संभ्रमात ओट्यापाशी उभी.

आणि म्हणून वाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा पाउचवाल्यांचा पहिला नियम. वारा सोडायचा तो बसूनच, आणि तोही योग्य जागी बसून. तुम्ही माझ्या आठ फेऱ्यांबद्दल हळहळता ना? त्यातल्या कित्येक नुसत्या खातरजमेच्या असतात. गेले, बसले, वारा होता, परत आले.

बायका पादत नाहीत, हे आपल्या समाजात सर्वमान्य आहे. पुरुष पंगतीनंतर पोटावर हात फिरवत सगळ्यांसमक्ष मोकळा होतो आणि वर "भजी छान होती" म्हणतो. बाई स्वयंपाकघरात मिक्सर लावते. अख्ख्या हयातीत मी कुठे कुठे मिक्सर लावला, पंखा वाढवला, खुर्ची सरकवली, ते आठवून मला गलबलून येतं. कारण ते सगळे वारे मी बिनधास्त सोडलेले होते. चारचौघांत आवाज लपवायची चिंता, एवढीच चिंता! तो काय वैभवाचा काळ होता!

पाउच मुरायला वर्ष लागतं असं डॉक्टर म्हणाले होते. सुरुवातीला त्यात फार मावत नाही. हळूहळू ते ताणलं जातं, लहान आतडं थोडं पाणी शोषायला शिकतं, फेऱ्या कमी होतात. असंच एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी तांदूळ धूत होते. खाली काहीतरी आलं. पण या खेपेला ते हलकं वाटलं. त्या मुलाने इंटरकॉमवर पहिल्यांदाच सविस्तर माहिती दिली असावी. मी तांदळाचं पातेलं खाली ठेवलं, ओट्याची कड धरली आणि श्रद्धेने सोडला. काहीही झालं नाही. म्हणजे जे व्हायचं तेवढंच झालं.

असा आनंद सांगायचा कुणाला? मी ह्यांना फोन लावला.

"अहो, सुटला."

"कोण सुटला?"

"वारा. उभ्याने. आणि एकदम कोरडा!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हे घसा साफ करून म्हणाले, "अगं, मी गाडीत आहे. साहेब आहेत बरोबर. फोन स्पीकरवर आहे."

त्यानंतर दबका पण स्पष्ट ऐकू येईल असा साहेबांचा आवाज आला, "अभिनंदन, वहिनी."

आवळण्याचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी फार गोड होती. "मॅडम, वारा अडवताना जसं आवळतो तसं आवळा. धरा. सोडा." हे व्यायाम अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८मध्ये सांगितले, तेही बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहावा म्हणून. बसल्या जागी कुठेही करता येतात आणि कुणाला कळत नाही, असं तिने सांगितलं. कळतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडावर चर्चा चालू असताना मी व्यायाम करत होते, सेक्रेटरी थांबले आणि म्हणाले, "ताईंचा विरोध दिसतोय." दुरुस्तीचा ठराव त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावरून पुढे ढकलला गेला.

सासूबाईंना या अमेरिकन डॉक्टरांचं कौतुक नाही. "यात नवीन काय? ही तर अश्विनी मुद्रा." ज्येष्ठ नागरिक संघाच्या योगवर्गात त्या रोज करतात. मी शोधून पाहिलं तर खरंच घेरंडसंहितेत ती मुद्रा आहे, आणि गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळणं-सोडणं हेच तिचं वर्णन. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही सासू-सुना सोफ्यावर शेजारी बसून मालिका बघता बघता मुद्रा करतो. खलनायिका पडद्यावर आली की दोघींचा जोर वाढतो. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात इतकी एकवाक्यता कधी नव्हती.

यावर तळमजल्यावरच्या वैद्यकाकांची हरकत. वाग्भटाने अष्टांगहृदयात तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलंय, आणि त्यात मळ आणि अधोवायू दोन्ही येतात. "वहिनी, वेगधारण हे रोगाचं मूळ!" एक जण म्हणते धरायला शिका, दुसरे म्हणतात धरू नका. मी काकांना विनयाने म्हटलं, वाग्भटांना विरार फास्ट माहीत नव्हती. काका विचारात पडले. ते मूळचे नालासोपाऱ्याचे आहेत.

औषधांच्या दुकानातही माझी प्रतिमा डागाळलेली आहे. मी इसबगोल घेते. अख्खा महाराष्ट्र ती भुशी व्हावी म्हणून घेतो, मी होऊ नये म्हणून घेते. पाणी शोषून ती फुगते. घट्ट झालेल्याला सैल करते आणि सैल असलेल्याला दाट करते, दोन्ही बाजूंकडून फी घेणाऱ्या वकिलालाही जमणार नाही असं काम ती निमूटपणे करते. सोबत लोपेरामाइडच्या गोळ्या, कारण त्यांनी आतड्याची चाल मंदावते आणि आतल्या कड्याला थोडा जोरही येतो. एकीकडे इसबगोलचा मोठा डबा, दुसरीकडे जुलाब थांबवायच्या गोळ्या, असं एकाच बिलावर घेतलं की दुकानदार चष्म्यावरून बघतो. "ताई, नक्की काय होतंय? एक काहीतरी ठरवा."

खाण्याचं म्हणाल तर भात, केळं, दही, साबुदाणा, उकडलेला बटाटा हे आमचं पंचायतन. आयुष्यभर उपास टाळले आणि आता रोज एकादशी. उन्हाळ्यात मीठ-पाणी फार जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक आणि लिंबू सरबत दिवसभर. भुट्टा नाही. आणि ठेचा? ठेच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती शरीररचनेविरुद्ध आहे. ज्या दाराला वारा की पातळ एवढं साधं कळत नाही, त्याला मिरची मात्र अचूक कळते! लवंगी की ज्वाला, तेही सांगेल. मोठं आतडं नसल्यामुळे पित्त आणि पाचकरस तसेच्या तसे खाली येतात, कातडी आधीच हुळहुळलेली, त्यात हा पाहुणा. झिंक ऑक्साइडचं मलम ही माझी रोजची प्रसाधनसामग्री. चेहऱ्याला मी आता काही लावत नाही. ज्या भागाला गरज आहे त्याचे लाड आधी.

रात्रीचं थोडक्यात सांगते. जागेपणी बाहेरचं कडं आपण सांभाळतो. झोपेत आपणच नसतो आणि तेही सैलावतं, म्हणून पॅड, गादीवर मेणकापड आणि जेवण लवकर. पूर्वी स्वप्नात परीक्षेचा पेपर कोरा जायचा. आता स्वप्नात मी नाट्यगृहात असते, तिसरी घंटा झालेली असते आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी बाणाची पाटी मला फिरवून फिरवून पुन्हा तिकीट खिडकीशी आणून सोडते.

पण परवाची गोष्ट ऐका. कामावरून परतताना लोकल ठाण्याच्या पुढे थांबली. सिग्नल. पंखे बंद. आणि कळ आली. जुनी मी असते तर घामाने निथळले असते, देवाचं नाव घेतलं असतं, शेजारणीच्या डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. मी त्या जडपणाकडे लक्ष दिलं. आहे, पण घाई नाही. म्हटलं, बस जरा. आणि ती बसली! गाडी हलली, मुंब्रा गेलं, दिवा गेलं, डोंबिवलीला उतरून मी जिन्याखालच्या बाईकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, महाग देते म्हणून घासाघीस केली, रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि घरी आले. सासूबाईंनी दार उघडलं. "आधी जायचंय का?" "जाईन, चहा टाका."

मग आम्ही सासू-सुना दवाखान्यात तपासणीला गेलो, तर नर्सने पाउचवाल्यांसाठीचा छापील तक्ता भरायला दिला. चोवीस तासांत किती वेळा, रात्री किती वेळा, कपडे खराब होतात का, पंधरा मिनिटं थांबता येतं का. हा शेवटचा प्रश्न बघून तक्ता करणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटला; तिथे मी ठसठशीत खूण केली. त्याखाली होतं, "वारा आणि मल यांतला फरक ओळखता येतो का? नेहमी / कधी कधी / कधीच नाही."

मी पेन हातात धरून प्रामाणिकपणे आठवू लागले. सासूबाई शेजारच्या खुर्चीवरून डोकावत होत्या. त्यांनी चष्मा वर केला, प्रश्न ओठ हलवत वाचला आणि म्हणाल्या, "'कधी कधी' लिही. त्यात काय कमीपणा? तुझ्या सासऱ्यांची सगळी आतडी शाबूत होती, त्यांनाही कधी कधीच यायचा."